बुंदीचा ताप

अमरावती,
रविवार, दुपार

प्रिय पौर्णिमा,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. हातात फोन असताना ही पत्र काहून लिहून राहिली, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं एक वाक्य होईपर्यंत तुझी तीन होतात, मग मी 'बरं बरं' म्हणून ठेवून देते. तिवशाच्या शाळेतही असंच होतं. बाई मला प्रश्न विचारायच्या आणि उत्तर तू द्यायचीस. तेव्हा मला ते बरंच वाटायचं. आता मात्र बुंदीबद्दल सगळं पहिल्यापासून नीट सांगायचं आहे आणि तुला काही विचारायचं आहे. तुझ्याकडे आजवर कितीतरी मांजरी वाढल्या, आजारी पडल्या, गेल्या. अकोल्यात जठारपेठेत तुझं घर विचारलं तर लोक 'मांजरीवाल्या बाईचं का?' असं उलट विचारतात. माझ्याकडे ही पहिलीच, त्यामुळे मला काही कळत नाही.

पोळ्याच्या आसपास तिनं कंपाउंडच्या भिंतीवर उडी मारणं सोडलं. मला वाटलं, ऊन आहे, सुस्तावली असेल. मग ती मोरीतल्या गार फरशीवर जाऊन झोपायला लागली. उचलून घेतली तर कान तापलेले. इथल्या डॉक्टरांनी ताप पाहिला, इंजेक्शन दिलं. एक दिवस उतरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. मग औषध बदललं. गोचीड तापाची तपासणी केली, जंताचं औषध दिलं, रक्त पाहिलं. डॉक्टर चांगले आहेत, पण प्रत्येक वेळी 'कशामुळे आहे ते समजत नाही' एवढंच म्हणायचे. त्यांचा मला राग आला नाही. समजत नाही तर समजत नाही म्हणाले. औषधाची गोळी मी लोण्यात गुंडाळून द्यायची, तर ती लोणी चाटून गोळी फरशीवर ठेवायची, अगदी मला दिसेल अशी.

त्यानंतर पोट वाढायला लागलं. खाणं कमी आणि पोट मोठं. पाठीवरून हात फिरवला तर मणके एकेक लागतात आणि खाली पोट मात्र टम्म. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "गाभण हाय वो तुमची मांजर! कोन्या बोक्याचं हाय ते विचारा तरी तिले." मी म्हटलं, हिचं ऑपरेशन केलेलं आहे. त्या म्हणाल्या, "मंग त चमत्कारच झाला म्हना." आणि हसत आत गेल्या. मीही हसले. ऑपरेशन तूच करायला लावलं होतंस, नाहीतर मीही तेच समजून आनंदात राहिले असते.

आमच्या घरात मांजर कधी नव्हती, हे तुला माहीत आहे. सासूबाईंना आवडत नाही. ही आली ती ह्यांच्यामुळे. नागपूरला डॉक्टरांना दाखवून परत आल्यावर हे सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसायचे. मागच्या टिनाच्या शेडमध्ये कोणाची तरी मांजर व्याली होती. त्यातलं एक पिल्लू पाय फुटल्यावर सरळ ह्यांच्या मांडीवर येऊन बसलं. काळ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून ह्यांनी बुंदी नाव ठेवलं. तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा हे तुला म्हणाले होते, "पाय पौर्णिमा, माही कावीय हिले लागली." आपण किती हसलो होतो त्या दिवशी. सासूबाई आतून ओरडल्या, "त्या मांजरीले खाली ठेव रे, बिमार मानसानं असं घेऊन बसू नाई!" पण ह्यांनी ठेवलं नाही.

ते दिवस मला आता फार आठवतात, कदाचित बुंदीचं पोट पाहून. तुम्ही तिघं नागपूरला गेलात, तू, ह्यांचा भाऊ कुलदीप आणि हे. सासूबाईंच्या कमरेचं हाड मोडलेलं, त्यांना सोडून मला येता आलं नाही. तुझ्या ओळखीचे डॉक्टर होते म्हणून तू अकोल्याहून खास आलीस. मला केवढा आधार वाटला होता. परत आलात तेव्हा मी फाटकात उभी होते. हे उतरून सरळ हातपाय धुवायला गेले. कुलदीप गाडी लावण्यात गुंतला. मला तू सांगितलंस, फाटकातच, माझा हात धरून. "कावीय हाय वो. जुनी हाय, आंगात भिनली. डॉक्टरनं आतमध्ये नळी टाकली. आता पथ्य लागते कडक, बाकी काई नाई." मी तुला विचारलं होतं, बरे होतील ना? तू म्हणालीस, "न व्हाले काय झालं?"

मग मी पथ्य पाळलं. आपल्याकडे काविळीला काय चालतं आणि काय चालत नाही ते तुला सांगायला नको. तेल बंद, तिखट बंद, हळद बंद. हळदीचा डबा मी फळीवर मागे सारून ठेवला, चुकून हात जाऊ नये म्हणून. सकाळी उसाचा रस, मग ज्वारीच्या लाह्या, मऊ भात, उकडलेला दुधी, मुळा, ताक. ह्यांना दुधी जन्मात आवडला नाही. जेवायला बसले की ताटाकडे पाहून म्हणायचे, "आज काय, दुधीच का? मले वाटलं आज दुधी अशीन." मी रागवायची. आणि दर आठवड्याला आम्ही अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यावरच्या त्या गावी जायचो. तिथे काविळीवर मुळीचं औषध ताकातून देतात, उपाशीपोटी. फाल्गुनातलं ऊन, आणि रस्ता कसा आहे ते तुला माहीत आहे. खड्डा आला की हे दोन्ही हातांनी पोट धरायचे. तू एकदा त्यांच्या डोक्याला बांधायला पांढरा दुपट्टा आणून दिला होतास. म्हणालीस, "जाऊन ये वो, तुह्या मनाचं समाधान होते."

एक दिवस ह्यांनी पातोडीची भाजी मागितली. बेसनाच्या वड्या, वर तर्री आलेली, झणझणीत, माझ्या आईच्या हातची असायची तशी. बेसन घरात होतं. मी म्हटलं, कावीळ उतरू द्या, मग रोज करते. हे म्हणाले, "बरं बाई, उतरू दे." आणि बुंदीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "पाय, हे तुही माय मले उपाशी मारते." तू तिथेच होतीस, रसाची बाटली घेऊन आली होतीस. मला वाटलं तू हसशील. तू पाणी प्यायला म्हणून आत गेलीस. नंतर ह्यांनी भाजी पुन्हा मागितली नाही. चैत्रात हे गेले.

तर बुंदीचं सांगत होते. इथे इलाज होईना म्हणून मी तिला अकोल्याला स्वप्निलकडे नेलं. तुझ्या बहिणीचा मुलगा, लहानपणापासून पाहिलेला, त्याच्याइतका विश्वासाचा जनावरांचा डॉक्टर मला दुसरा माहीत नव्हता. भाजीच्या टोपलीत तिला ठेवलं, वर दुसरी टोपली पालथी घालून ओढणीनं बांधली. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "बाई, हाफ तिकीट काढू का इचं?" मागून कोणी तरी म्हणालं, "बायायले आता अर्धंच तिकीट हाय, मंग इले पाव लागन." सगळी गाडी हसली. बुंदी मूर्तिजापूरपर्यंत ओरडली, मग गप्प झाली. मी टोपलीच्या फटीतून बोट घालून बसले होते. ती बोटाला नाक लावायची, ते गरम लागायचं.

स्वप्निलनं तिला फार हलक्या हातानं तपासलं. पोटात सुई घालून पाणी काढलं. पिवळं होतं, चिकट, सुईतून सोडताना तार धरत होतं. ते पाहिल्यावर त्याचं बोलणं कमी झालं. नमुना बाहेर पाठवावा लागेल, आठवडाभरानं कळेल, म्हणाला. तोवर खाण्याची यादी सांगितली, हे द्यायचं, ते द्यायचं नाही, दूध अजिबात नाही, मासळी नाही. मी सगळं तसंच केलं. गेल्या बुधवारी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नक्की काही सांगता येत नाही अजून. इन्फेक्शन दिसतं. तुम्ही काळजी करू नका. तिला आवडेल ते द्या आता. दूध मागितलं तर दूध द्या." मी विचारलं, पथ्य नको का? तो म्हणाला, "नको मावशी. कशाला."

प्राजक्ता, कुलदीपची मुलगी, आता कॉलेजात आहे. तिनं मोबाइलवर शोधलं. म्हणाली, "काकू, लहान वयाच्या मांजरीले असा एक रोग होते. ताप उतरत नाई, पोटात पिवळं पाणी होते. पयले त्याले औषध नव्हतं. आता निघालं म्हनतात, पन लवकर चालू करा लागते, अन् लय दिवस द्या लागते. पयले हा तोच रोग हाय का, ते डॉक्टरले पक्कं विचारा." मोबाइलवरचं किती खरं धरायचं मला माहीत नाही. पण पोरगी बरोबर बोलली. आधी रोग तोच आहे का ते कळलं पाहिजे, आणि लवकर कळलं पाहिजे. बुंदी आता पाण्याच्या भांड्याजवळ बसते आणि पाणी पीत नाही, नुसती बघत बसते. उद्या काय करायचं ते मला आज ठरवायचं आहे, आणि कशावर ठरवू?

पौर्णिमा, आता एक गोष्ट लिहिते. ती मी तुला यंदाच्या चैत्रापासून सांगितलेली नाही. ह्यांना जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला तू आली होतीस. बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या. तू मागच्या अंगणात बायांबरोबर भांडी घासू लागत होतीस. मी भाताचं पातेलं घेऊन मधल्या खोलीच्या दारात आले. सासूबाई त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या मोठ्यानं बोलतात आणि त्यांना वाटतं की आपण हळू बोलून राहिलो. त्या म्हणाल्या, "कावीय कायची वो! कँसर होता त्याले. मले कुलदीपनं त्याच दिवशी सांगतलं. हिलेच नाई सांगतलं फक्त. त्यानंच हात जोडले, म्हने माह्या बायकोले सांगू नका. अन् कावीय सांगाचं डोकं त्या अकोल्याच्या पौर्णिमाचं. हुशार हाय ते." त्यांच्या बहिणीनं मला पाहिलं आणि त्यांना कोपर मारलं. सासूबाई म्हणाल्या, "काय मारतं? खरंच हाय ते." मी त्या दोघींच्या ताटात भात वाढला. मग मागे येऊन तू घासलेली भांडी पुसली. तू मला विचारलंस, थकली का? मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी कोणालाच काही बोलले नाही. मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण मनात एकेक दिवस काढून पुन्हा पाहते. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि मी दुधी उकडत होते. डॉक्टरांनी काय सांगितलं असेल? मागतील ते द्या, हेच सांगितलं असेल ना? तुम्ही मला पथ्य सांगितलं. मी बेसन घरात असताना त्यांना भाजी दिली नाही. पोटात तेवढं दुखत असलेल्या माणसाला मी ऊन-खड्ड्यांतून त्या गावी नेत होते, दर आठवड्याला, आणि तू डोक्याला बांधायला दुपट्टा दिलास. माझ्या मनाचं समाधान होते म्हणालीस. मला तेव्हा कळलं नाही. बरं तर त्यांना व्हायचं होतं, मग समाधान माझ्या मनाचं कशाला, असं विचारायला हवं होतं. मी तुला कधी उलट विचारलेलंच नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. 'भाऊजींनी, तुझ्या नवऱ्यानंच, शपथ घातली होती. तू मोडून गेली असतीस. तू रडत बसली असतीस आणि त्यांना ते पाहवलं नसतं.' असेलही. ह्यांच्याशी मला आता भांडता येत नाही. तुझ्याशी येतं, म्हणून तुझ्याशी भांडते आहे. मी रडले असते हे खरं. पण रडून झाल्यावर मी उठून पातोड्या थापल्या असत्या. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत काही तरी बोलायचं राहिलेलं असतंच, ते बोलले असते. हेही बोलले असते. त्याऐवजी शेवटपर्यंत आमचं बोलणं हेच, आज डोळे किती पिवळे आहेत आणि रस कडू लागला का. त्यांना ते खोटं धरून ठेवावं लागलं माझ्यासमोर, तेवढ्या दुखण्यात. तुम्ही म्हणाल माझ्यासाठी केलं. मग माझ्याकडे त्यातलं काय आलं?

कुलदीपला मी हे लिहिणार नाही. तो दीर आहे, त्याच्याकडून मी वेगळं काही धरलं नव्हतं. सासूबाईंचं वय झालं. आता बुंदीचं पोट पाहून त्या रोज म्हणतात, "यालेही असंच पानी झालं होतं." आणि मग तोंड फिरवून बसतात. परवा मी त्यांना बुंदीच्या वाटीत आपल्या ताटातलं दूध ओतताना पाहिलं. मी पाहिलं हे कळल्यावर म्हणाल्या, "सांडत होतं." त्यांच्यावर माझा राग राहिला नाही. तुझ्यावर राहिला आहे, कारण वसतिगृहात एका खोलीत राहिलो तेव्हापासून जगात एक माणूस माझ्याशी खरं बोलतं असं मी धरून चालले होते. ह्यांचं स्थळ आलं तेव्हा आमच्या घरचे सगळे वाहवा करत होते आणि तू एकटी म्हणाली होतीस, "पोरगा चांगला हाय, पन घोरत अशीन, नाक पाय त्याचं." आणि ते खरं निघालं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल संध्याकाळी तुझा फोन आला. इकडचं तिकडचं बोललीस आणि मग म्हणालीस, "मी येऊ का वो चार दिवस राह्याले? सहजच. लय दिवस झाले." तू बुंदीचं काहीच विचारलं नाहीस. ज्या बाईनं जन्मभर मांजरी पाळल्या, तिनं आजारी मांजरीचं विचारलं नाही. गेल्या वर्षी चैत्रातही तू अशीच बॅग घेऊन 'सहजच' आली होतीस, आणि आठवडाही पुरा झाला नाही, हे गेले. फोन ठेवला आणि मला कळलं की स्वप्निलकडे रिपोर्ट आलेला आहे. त्यानं तो मला सांगितला नाही, तुला सांगितला. आणि मला, प्रियदर्शनीला, कसं सांभाळायचं, हे तुम्ही मावशी-भाच्यांनी बसून ठरवलं आहे. त्यामुळे मला तुझा सल्ला आत्ता नको. आधी बुंदीला काय झालं आहे ते लिही. रोगाचं नाव लिही, औषध आहे की नाही ते लिही, उशीर झाला असेल तर उशीर झाला असं लिही. औषध करायचं की तिला मांडीवर घेऊन बसायचं, ते मी ठरवीन. मी मोडले तर मोडेन, ते माझं मी बघीन. तू खरं सांगितलंस तर जरूर ये, चार काय आठ दिवस राहा, मला कोणी तरी जवळ हवंच आहे. आणि न सांगता आलीस, तरी दार उघडीन, चहा करीन, तुझं अंथरूण घालीन. फक्त त्यानंतर मी तुला आयुष्यात काही विचारणार नाही. तुला ते बहुतेक कळणारही नाही, कारण मी तशीही कमीच बोलते. उत्तराची वाट पाहते आहे.

अजून तरी तुझीच,
प्रियदर्शनी